डेस्कटॉपवरच्या तळ्याची चावी

...नाही नाही, हसू नका, आधी ऐकून घ्या, मग हवं तेवढं हसा! माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच कॉम्प्युटरवर मला पाणी बघायचं असेल तर वेळापत्रक पाहावं लागतं, हा काय न्याय झाला? आणि पाणी तरी कसलं? प्यायचं नाही, धुवायचं नाही, पाय बुडवायचे नाहीत! पाणी खोटं आहे हो! तुम्हाला सांगतो, शंभर टक्के खोटं! कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागे असतं ना ते चित्र, डेस्कटॉपवरचं, कुणी फुलं लावतं, कुणी डोंगर लावतं, कुणी स्वतःचाच फोटो लावतं, तसं मी पाणी लावलं. हलणारं. बास! एवढाच माझा गुन्हा!

आता तुम्ही म्हणाल, पाणीच का? तर माझं काम असं, की मी नकाशे काढतो. घरांचे, दुकानांचे, दवाखान्यांचे. दिवसभर रेघा! आडवी रेघ, उभी रेघ, ही भिंत, हा दरवाजा, हा संडास... संध्याकाळपर्यंत डोळ्यांची अशी अवस्था की बायको समोर आली तरी मी तिला मापात बघतो. मग गेलो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी बॅटरी मारली, हे डोळे वर करा, हे खाली करा, आणि म्हणाले (त्यांचा आवाज असा, नाकातून, सर्दी झाल्यासारखा), ‘‘दर वीस मिनिटांनी लांऽऽब काहीतरी बघायचं. हिरवं, नाहीतर निळं.’’ आता माझ्या खिडकीसमोर काय आहे? शेजारच्या इमारतीची भिंत! दोन हातांवर! तिच्यावर एक पाइप, पाइपावर एक कबुतर, आणि ते कबुतरसुद्धा माझ्याकडे पाठ करून बसतं!

तेव्हा तो आमचा कॉम्प्युटरवाला, दुरुस्तीवाला हो, तो म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हाला पाणी टाकून देतो.’’ मी घाबरलो. म्हटलं कॉम्प्युटरवर पाणी? तर तो म्हणे, ‘‘तसं नाही साहेब, बघा तर!’’ आणि त्याने काहीतरी टकटक केलं आणि काय सांगू तुम्हाला... तळं! काठोकाठ भरलेलं! कडेला होडी बांधलेली, ती आपली हळूच डुलतेय... माउस फिरवावा तिथे तरंग उठतात, बटण दाबलं की टपकन थेंब पडतो आणि गोल गोल गोल वर्तुळं पार कडेपर्यंत जातात! शिवाय धबधबा वेगळा, काचेवरून ओघळणारे थेंब वेगळे, आणि आवाज! खळखळ, झुळझुळ, डुबुक! पहिल्या दिवशी तो आवाज चालू राहिला तर आमची ही तीनदा उठून न्हाणीघरात जाऊन आली नळ बघायला. चौथ्यांदा माझ्याच खोलीत आली. ‘‘अहो, कुठेतरी काहीतरी गळतंय!’’ मी म्हटलं, माझं गळतंय. मग आवाज बंद केला. चित्र मात्र राहू दिलं.

आणि खरं सांगू का? डोळ्यांचं निमित्त होतं. मला ते हवंच होतं. लहानपणापासून हवं होतं. भरलेलं, न संपणारं पाणी! कारण आमचं घर, तुम्हाला सांगतो, पाण्याच्या लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला. सगळ्या गावाचं भरून व्हायचं, मग आमच्या नळाला आधी फुस्स व्हायचं, मग खोकल्यासारखं दोनदा व्हायचं, आणि मग करंगळीएवढी धार. आई आणि मी बादल्या मांडून बसलेले. आणि यातली मजा ऐका, पाणी सोडणारा माणूस कोण? माझा बाप!

हो! बाबा पाणी खात्यात चावीवाले. चौतीस वर्षं! जमिनीत खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि बाबांच्या खांद्यावर ती माणसाएवढी लांब लोखंडी चावी. खड्ड्याशी उभे राहायचे, चावी आत बसवायची, आणि फिरवायची. साडेअकरा फेरे. अकराही नाही, बाराही नाही, साडेअकरा! लोक घड्याळं लावायचे बाबांवर. आणि आई म्हणायची, ‘‘अहो, एक दिवस, फक्त एक दिवस, पाच मिनिटं आधी सोडा की! घरी पाहुणे आहेत!’’ तर बाबा, हे असे, चावी भिंतीला टेकवून, ‘‘घरच्यांसाठी पाच मिनिटं सोडली, की उद्या दारात रांग लागेल.’’ झालं! चावीवाल्याच्या घरी पाणी शेवटी. म्हणून म्हणतो, मोठेपणी मी एक तळं लावलं टेबलावर, चोवीस तासांचं, तर बिघडलं कुठे? पाणी खोटं होतं हो!

तर असं मी सुखात असताना बाबा आमच्याकडे राहायला आले. निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी मशीन बसलं. कुठेतरी बसून कुणीतरी बटण दाबतो आणि पाणी सुटतं, फेरे नाहीत, चावी नाही, काही नाही. आणि आई तर आधीच्या वर्षी गेलेली. तेव्हा मीच त्यांना घेऊन आलो. आले, खुर्चीत बसले, आणि गप्प झाले. म्हणजे कसे गप्प? सात महिने! सात महिने माणूस दोन शब्दांवर काढतोय, ‘हं’ आणि ‘नको’! बाबा, जेवता? ‘हं.’ बाबा, फिरायला जाऊ या? ‘नको.’ बाबा, बरं वाटत नाही का? ‘हं.’ बरं वाटतंय का? तरी ‘हं’! आता यातून काय समजायचं? पहाटे साडेपाचला मात्र गजराशिवाय उठायचे, कपडे करायचे, बूट घालायचे, आणि बूट घालून खुर्चीत बसायचे. जायचं कुठेच नाही. ते बूट घालून बसलेले बाबा बघितले ना, की माझी रेघ वाकडी जायची. खरंच सांगतो. आमची ही रोज काहीतरी नवीन विषय काढायची, हवा, भाजी, शेजाऱ्यांची भांडणं... शेवटी तिनेही हात टेकले. मला वाटायला लागलं, हा माणूस असाच विझत जाणार आणि मी नकाशे काढत बसणार.

आणि एका सकाळी काय झालं, मी धबधबा लावला होता. धो धो! चहाचा कप घेऊन बाबा खोलीत आले, कप टेबलावर ठेवणार, तर हात तसाच थांबला. बघतायत. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग... मला आधी वाटलं कबुतर बोललं! इतका आवाज विसरलो होतो मी! बाबा म्हणाले, ‘‘हे येतंय कुठून?’’

तीन शब्द! सलग! मी खुर्चीतून पडायचा बाकी! मी म्हटलं, ‘‘बाबा, हे चित्र आहे. हलतं चित्र. पाणी खोटं आहे.’’

‘‘चित्र आहे हे कळतंय मला. मी काय खुळा आहे? येतंय कुठून विचारतोय. आणि जातंय कुठे? वरून एवढं पडतंय, खालचं तळं भरत कसं नाही? ओव्हरफ्लो कुठाय याचा?’’

‘‘बाबा, चित्राला ओव्हरफ्लो नसतो...’’

‘‘मग काढलंय कुणी हे? आणि हे असंच चालू असतं?’’

‘‘हो, चोवीस तास!’’ मी आपला कौतुकाने! बाबांचा चेहरा... मी ‘घर पेटवलंय’ म्हटलं असतं तरी एवढा पडला नसता. ‘‘चोवीस तास? वापरायला कोणी नाही, भरायला कोणी नाही, आणि चोवीस तास?’’ स्वयंपाकघरातून ही धावत आली, हातात तशीच पळी, कुजबुजली, ‘‘बोलतायत?’’ म्हटलं, बोलतायत काय, रागावतायत! तिचा चेहरा असा फुलला!

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तुमच्यासमोर उभा नसतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो एका बांधकामावर माप घ्यायला. संध्याकाळी आलो, कॉम्प्युटरसमोर बसलो... आणि माझं तळं कोरडं! कोऽऽरडं ठणठणीत! आता मला सांगा, ज्या माणसाने ते चित्र बनवलं, त्याने पाण्याखाली तळसुद्धा काढून ठेवला होता! कोण बघणार होतं तो? पण काढला होता! गोटे, चिखलाला पडलेल्या भेगा, आणि ती माझी होडी... एका अंगावर लवंडलेली! मी ओरडलो, ‘‘बाबा! माझं पाणी?’’

बाबा शांतपणे, ‘‘बंद केलं.’’

झालं असं होतं, की त्या प्रोग्रॅममध्ये पाणी कमीजास्त करायला पडद्याच्या कडेला चार चक्रं असतात. पातळीचं, लाटांचं, धारेचं, थेंबांचं. आणि बनवणाऱ्याला काय हौस बघा, ती चक्रं काढली होती हुबेहूब व्हॉल्व्हच्या चाकांसारखी! लाल! आता ज्या माणसाने चौतीस वर्षं चाकं फिरवली, त्याच्यासमोर तुम्ही चार लाल चाकं ठेवता आणि वर म्हणता हात लावू नका? आयुष्यात माउस न धरलेला माणूस! पण चाक दिसल्यावर हाताला कुणी शिकवावं लागतं का? हळूहळू फिरवायचे बरं का. म्हणाले, ‘‘एकदम बंद केलं तर पाण्याचा दणका बसतो, लाइन फुटते.’’ मी म्हटलं, ‘‘बाबा, कसली लाइन? पाणी खोटं आहे!’’ तर म्हणाले, ‘‘पाणी खोटं असेल. सवय खरी असते.’’ घ्या!

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर भिंतीवर कागद. बाबांच्या अक्षरात, ठळक. ‘तळे : सकाळी सहा ते सव्वासात. सायंकाळी साडेपाच ते साडेसहा. धबधबा : आठवड्यातून एकदा. थेंब : गरजेपुरते.’ गरजेपुरते! थेंबांची काय गरज असते हो? मी भांडलो. चांगलाच भांडलो. म्हटलं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दर वीस मिनिटांनी! तर बाबा म्हणे, ‘‘भिंतीकडे बघ. ती पण लांब आहे.’’ दोन हातांवर!

मग मी चोरी केली. कबूल करतो. बाबा दुपारी जरा लवंडले की हळूच चाक फिरवायचो, दोन-तीन फेरे, जरा होडी उभी राहील इतपत, आणि तरंग बघत बसायचो, कानोसा घेत... बापाच्या नजरेआड चोरून पाणी भरणारा पहिला माणूस मी नसेन, पण चित्रातलं पाणी चोरणारा मीच! आणि सापडलो! कसा? बाबांनी पडद्यावर, चाकाच्या बरोबर शेजारी, पेन्सिलीने बारीक खूण केली होती! चाक केसभर हललं होतं. ‘‘दुपारी कोणी चालवलं?’’ हे असं, चष्म्याच्या वरून. घरात माणसं किती? तीन! एक ते स्वतः, दुसरी शाळेत शिकवायला गेलेली! मी म्हटलं, ‘‘...कबुतर.’’

ही तर पूर्ण त्यांच्या पक्षाला मिळालेली. एक दिवस म्हणते, ‘‘बाबा, रविवारी माझी बहीण येतेय, तिला दाखवायचंय, धबधबा अर्धा तास जास्त सोडाल का?’’ मला वाटलं सुनेला तरी नाही म्हणणार नाहीत. तर म्हणाले, ‘‘लेखी अर्ज दे.’’ आणि हिने दिला! ‘सविनय’ वगैरे लिहून! आणि तो मंजूर झाला! माझा, पोटच्या मुलाचा, अर्ज तीन आठवडे विचाराधीन!

पण खरी गंमत पुढेच. एका दातांच्या डॉक्टरांचं काम आलं होतं माझ्याकडे. नवीन दवाखाना. नकाशा तयार, सोमवारी फरशी बसायला सुरुवात होणार, त्याआधी शेवटचं एकदा त्यांना दाखवायचं होतं. ते रुग्ण आटोपून संध्याकाळी मोकळे होणार, म्हणून सव्वासहाला कॉम्प्युटरवरूनच बोलायचं ठरलं. ते तिकडे, मी इकडे, आणि माझा अख्खा पडदा त्यांना दिसतोय. म्हणजे मधोमध नकाशा आणि चहूबाजूंनी माझं तळं. डॉक्टर खूश! ‘‘वा, काय छान पाणी आहे हो!’’ मी म्हटलं, हो ना, डोळ्यांना बरं. आणि मी रंगात आलो, ही बसायची खोली, हा खुर्चीचा कक्ष, खुर्ची मधोमध, चहूबाजूंनी उजेड... आणि साडेसहा वाजले!

दार उघडलं. बाबा. पायात बूट. हातात वही, कानाला पेन्सिल. ‘‘सरक.’’

‘‘बाबा, नंतर! काम चालू आहे!’’ मी दातावर दात दाबून. दातांच्या डॉक्टरांसमोर दात दाबून!

‘‘वेळ म्हणजे वेळ.’’ आणि माझ्या खांद्यावरून हात घालून माउस घेतला आणि चाक फिरवायला लागले, हळूऽऽहळू... पाणी उतरायला लागलं. नकाशा जागच्या जागी आणि मागे तळं आटतंय! तिकडून डॉक्टर, ‘‘अहो! अहो, तुमचं तळं चाललं! काय झालं?’’ होडी लवंडली. गोटे दिसायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पंधरा वर्षांची माझी पत, आणि बाप माझ्या अंगावर वाकून फेरे मोजतोय, ‘‘नऊ... दहा... अकरा... साडेअकरा.’’ वहीत लिहिलं. आणि निघणार, तोच थांबले. नकाशाकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, नको. बाबा, नको.

‘‘हे काय आहे?’’

‘‘दवाखाना, बाबा. दातांचा.’’

‘‘ही खुर्ची?’’

‘‘हो.’’

‘‘हिच्यापर्यंत पाण्याची नळी आणलीयस. निळी रेघ. बरं. येतंय कुठून ते कळलं.’’ आणि बोट पडद्यावर टेकवलं. ‘‘जातंय कुठे?’’

मी बघितलं. तिकडे डॉक्टरांनी बघितलं.

‘‘माणूस गुळणा करणार, थुंकणार. ते जाणार कुठे? खुर्ची मधोमध, सगळ्या भिंती लांब. फरशीखालून न्यायला हवं, उतार देऊन. फरशी बसल्यावर काय, डोक्यावरून नेणार?’’

तुम्हाला सांगतो, माझ्या पाचावर धारण बसली. आत येणारं पाणी मी काढलं होतं, बाहेर जाणारं काढायलाच विसरलो होतो! आणि का विसरलो? त्या धबधब्याला तरी बाहेर जाणारं पाणी कुठे होतं? रोज बघून बघून मला पाणी नुसतं येतं एवढंच खरं वाटायला लागलं होतं! सोमवारी फरशी बसली असती, तर ती सगळी फोडून काढावी लागली असती, आणि मग पत कसली आणि काम कसलं! डॉक्टर तिकडून हळूच विचारतात, ‘‘हे... हे कोण आहेत?’’

आता इथे मी ‘माझे वडील’ म्हणायला तोंड उघडलं, तर बाबाच पुढे झाले. ताठ! सात महिने वाकून बसलेला माणूस, हा असा ताठ! ‘‘मी चावीवाला. चौतीस वर्षं.’’

आणि डॉक्टरांनी काय म्हणावं? ‘‘मग तुम्ही सोमवारी या हो जागेवर.’’

गेले! बूट घालून गेले! सात महिन्यांनी त्या बुटांना रस्ता मिळाला! तिथे गवंड्याला उतार दाखवला, प्लंबरला चार गोष्टी ऐकवल्या, संध्याकाळी घरी आले ते बोलतच आले, जेवताना बोलले, हात धुताना बोलले, मी झोपलो तरी बोलत होते. आणि मी अंथरुणात पडून ऐकत होतो. इतकं बरं वाटत होतं मला, काय सांगू! आता माझा एकही नकाशा बाबांनी बघितल्याशिवाय घराबाहेर जात नाही. आधी दोनच प्रश्न. येतंय कुठून? जातंय कुठे?

तर सुखी आहे हो मी. तक्रार नाही. म्हणजे... एकच आहे. त्या डॉक्टरांनी हौसेने दवाखान्यात, बसायच्या खोलीत, मोठ्या पडद्यावर तेच तळं लावलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बघितलं, त्यांनीही लावलं. हिने आपल्या लॅपटॉपवर घेतलं. म्हणजे आता झाली चार तळी आणि चावीवाला एक! मग बाबांनी पाळ्या लावल्या. साडेपाचला हिचा लॅपटॉप. पावणेसहाला काकूंकडे, जिना चढून जातात, खांद्यावर अदृश्य चावी घेतल्यासारखे. सहाला डॉक्टरांना फोन, ‘‘सोडा आता. हळू! दणका बसेल!’’ आणि मी? मी म्हटलं, बाबा, अहो माझ्यामुळे हे तळं आलं, मूळ तळं माझं, मला आधी! तर हे असे, पेन्सिल कानाला लावत, ‘‘तू घरचा. तू लाइनीच्या शेवटी.’’

म्हणजे बघा! चाळिशी उलटली, घर बदललं, पाणीसुद्धा बदललं, खऱ्याचं खोटं झालं, आणि मी अजून शेवटच्याच टोकाला! सहा वाजून वीस मिनिटांनी माझा नंबर. तोही अर्ध्या दाबाने, लाट अशी करंगळीएवढी. आणि काम टाकून, खुर्ची पुढे ओढून, सहा वाजल्यापासून मी तिथे बसलेला असतो, आई आणि मी बसायचो तसा, फुस्स होण्याची वाट बघत... आणि आलं ना, होडी जरा हलली ना, की बाबा मागे उभे असतात, आणि विचारतात, ‘‘आलं का रे?’’ मी म्हणतो, आलं.

किती वाजले हो तुमच्या घड्याळात? सहा वाजून पाच? अरे बाप रे! चला, निघतो मी! थांबवू नका! हो हो, माहितीय मला, पाणी खोटं आहे... पण एकदा गेलं की मग थेट उद्या सकाळीच येतं!